हिरवा डाग म्हणजे डोपामिन नव्हे: कार्बन फायबर इलेक्ट्रोडने मोजमाप, पायरी पायरीने

रंगपटावर (वेळ आणि व्होल्टेजनुसार करंट रंगांत दाखवणाऱ्या चित्रावर) ०.६ व्होल्टच्या आसपास हिरवा डाग उमटला, की नवा विद्यार्थी लगेच फोनवर फोटो काढतो. डोपामिन सापडलं! मग त्याला विचारा, हा इलेक्ट्रोड कॅलिब्रेट, म्हणजे माहीत असलेल्या सांद्रतेच्या द्रावणांवर पारखून, कधी घेतलास? रेफरन्सची तार कितव्या दिवसाची आहे? कोरा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं पण डोपामिन नसलेलं द्रावण, सोडून पाहिलास का? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘ते नंतर करणार होतो.’ या मोजमापातल्या चुका मेंदूत फार कमी होतात. त्या आधीच, टेबलावर झालेल्या असतात आणि मेंदूत गेल्यावर फक्त दिसतात. म्हणून या लेखातला निम्म्याहून जास्त भाग मेंदूला हात लावण्याआधीचा आहे.

इथे एकच वाट धरली आहे: कार्बन फायबरचा इलेक्ट्रोड, फास्ट-स्कॅन सायक्लिक व्होल्टॅमेट्री ही पद्धत (इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज झपाट्याने वर-खाली नेऊन करंट मोजायचा; पुढे नुसतं ‘फास्ट-स्कॅन’), डोपामिन हा मेंदूतला संदेशवाहक रेणू आणि मेंदूची जिवंत स्लाइस, म्हणजे पातळ काप. ग्लुटामेटसाठी लागणाऱ्या एन्झाइमच्या सेन्सरबद्दल शेवटी थोडं आहे.

## आधी ठरवा: तुमचा प्रश्न या पद्धतीचा आहे का?

फास्ट-स्कॅन बदल मोजतं, पातळी नाही. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाला भारित करण्यातच काही शे नॅनोअँपिअरचा बॅकग्राउंड करंट जातो आणि डोपामिनचा करंट त्याच्या तुलनेत चिमूटभर असतो. म्हणून क्षणापूर्वीचा बॅकग्राउंड वजा करावा लागतो, आणि त्या वजाबाकीत मेंदूत सतत असलेलं डोपामिनही वजा होतं. ‘या प्राण्यात मूळ पातळी जास्त आहे का?’ हा प्रश्न असेल तर मायक्रोडायलिसिसकडे (मेंदूत बारीक नळी घालून द्रवाचे नमुने घेण्याच्या पद्धतीकडे) वळा. ‘उत्तेजन दिल्यावर किती सुटलं आणि किती वेगाने परत शोषलं गेलं?’ हा प्रश्न असेल तर पुढे वाचा.

दुसरी अट रेणूची. तो इलेक्ट्रोडवर स्वतः ऑक्सिडाइज व्हायला, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन द्यायला हवेत. डोपामिन, नॉरॲड्रेनलिन, सेरोटोनिन, ॲडेनोसिन होतात. ग्लुटामेट, गाबा आणि ॲसिटिलकोलिन होत नाहीत. नुसता कार्बन फायबर घेऊन त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

प्राण्यांवरील प्रयोगाची नैतिक समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय टप्पा ६ कडे जाऊ नका. पहिले पाच टप्पे त्याशिवाय करता येतात, आणि मंजुरीची वाट पाहण्याचा काळ त्यांनाच द्यावा.

## टप्पा १: इलेक्ट्रोड बनवणे

साहित्य थोडं आहे: सुमारे ७ मायक्रॉन जाडीचा कार्बन फायबर, काचेची कॅपिलरी, व्हॅक्यूम पंप, पिपेट पुलर, स्काल्पेल आणि बरा मायक्रोस्कोप.

१. पांढऱ्या कागदावर फायबरचा झुबका ठेवा. ग्लोव्ह्ज घाला, कारण बोटांचं तेल फायबरला चिकटतं. एकच फायबर वेगळा काढा. पंखा बंद करा आणि शक्यतो तोंडावर मास्क ठेवा, एका निःश्वासात फायबर नाहीसा होतो.

२. कॅपिलरीचं एक टोक व्हॅक्यूमला जोडा आणि दुसरं फायबरच्या टोकाजवळ न्या. फायबर सर्रकन आत जातो. दोन्ही टोकांतून तो थोडा बाहेर डोकावेल इतका लांब असू द्या.

३. पुलरमध्ये ओढा. मधोमध काच वितळून निमुळती होते आणि फायबरला आवळते. मग दोन्ही अर्धे जोडणारा फायबर कापा.

४. मायक्रोस्कोपखाली फायबर हवा तेवढा ठेवून छाटा. स्लाइससाठी मी ५० ते १०० मायक्रॉन ठेवतो. स्काल्पेलची धार फायबरवर टेकवून सरळ खाली दाबायची. करवतीसारखी पुढे-मागे ओढायची नाही. नीट कापलं तर ‘टिक्’ झाल्याचं बोटांना कळतं आणि टोक चौकोनी दिसतं. ओढून कापलं तर टोकाला झाडूसारखे तंतू सुटतात.

तपासा: जास्त मॅग्निफिकेशनवर काच आणि फायबर जिथे भेटतात ती जागा बघा. काच फायबरला चिकटत चिकटत संपली पाहिजे. फटीची काळी रेघ किंवा काचेला तडा दिसला तर इलेक्ट्रोड टाकून द्या. ‘चालेल’ म्हणून ठेवलेले इलेक्ट्रोड पुढे दोन दिवस खातात. सील कायम सैलच येत असेल तर पुलरची उष्णता बदला, नाहीतर टोक इपॉक्सीने बंद करा. इपॉक्सी मात्र पूर्ण पक्का होऊ द्या आणि उघड्या फायबरवर त्याचा थर राहिला नाही ना ते बघा.

५. ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून गाळलेल्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये टोक किमान १० मिनिटं बुडवून ठेवा. हा टप्पा गाळला तरी इलेक्ट्रोड चालतो, फक्त अर्ध्याच संवेदनक्षमतेने. त्यामुळे चूक लक्षातच येत नाही.

६. मागच्या बाजूने पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण भरा आणि तार आत सोडा. निमुळत्या भागात बुडबुडा अडकला तर सिग्नल मधूनमधून गायब होतो. काच उजेडासमोर धरून टिचक्या मारा, बुडबुडा वर येतो.

एका बैठकीत दहा-बारा बनवा. त्यातले चार-पाच शेवटपर्यंत टिकले तरी दिवस चांगला गेला म्हणायचा.

## टप्पा २: रेफरन्स इलेक्ट्रोड

याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. चांदीची तार, तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर, संपलं. पण तुम्ही लावलेला प्रत्येक व्होल्ट या तारेच्या तुलनेत मोजला जातो. ती सरकली की सगळंच सरकतं.

१. तार बारीक सँडपेपरने घासून चकचकीत करा आणि डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

२. सोडियम हायपोक्लोराइटच्या ब्लीचमध्ये १५–२० मिनिटं बुडवा, किंवा क्लोराइडच्या द्रावणात बॅटरीच्या धन टोकाला जोडून थर चढवा. तार सगळीकडे सारखी राखाडी-जांभळट झाली पाहिजे. मध्येच चमकणारे ठिपके राहिले तर पुन्हा घासा.

३. पाण्याने धुऊन सलाइनमध्ये, अंधारात ठेवा. सिल्व्हर क्लोराइडला उजेड सोसत नाही.

तपासा: एकाच वेळी दोन तारा तयार करा. दोन्ही एकाच सलाइनमध्ये बुडवून मल्टिमीटरने त्यांच्यातला फरक मोजा. तो दोन-चार मिलिव्होल्टच्या आत असावा. वीस-तीस आला तर एक तार बिघडलेली आहे. कोणती, ते शोधत बसू नका, दोन्ही नव्या करा.

पुढे कधी ऑक्सिडेशनचं आणि रिडक्शनचं अशी दोन्ही टोकं एकाच दिशेने सरकलेली दिसली, तर आधी ही तार तपासा. कार्बन फायबरला नंतर दोष द्या.

## टप्पा ३: वेव्हफॉर्म आणि नॉइज

डोपामिनसाठी रुळलेला वेव्हफॉर्म, म्हणजे व्होल्टेज चढवण्या-उतरवण्याचा आराखडा, असा: उणे ०.४ व्होल्टपासून अधिक १.३ व्होल्टपर्यंत आणि परत, वेग ४०० व्होल्ट प्रति सेकंद, सेकंदाला १० वेळा. एका स्कॅनला ८.५ मिलिसेकंद लागतात. उरलेले ९१.५ मिलिसेकंद इलेक्ट्रोड उणे ०.४ वर थांबतो.

तो थांबा रिकामा नसतो. शरीराच्या पीएचला डोपामिनवर धन भार असतो, त्यामुळे ऋण व्होल्टेजवरच्या फायबरवर ते येऊन चिकटतं. स्कॅन होतो तेव्हा हे जमलेलं डोपामिन एकदम ऑक्सिडाइज होतं. मग स्कॅनची वारंवारता किंवा थांब्याचं व्होल्टेज बदललं की संवेदनक्षमताही बदलते. कॅलिब्रेशन एका वेव्हफॉर्मवर आणि प्रयोग दुसऱ्यावर, ही चूक मी थीसिसच्या मसुद्यांमध्येही पाहिली आहे.

वरचं टोक १.३ व्होल्ट ठेवण्याचंही कारण आहे. तिथे कार्बनचा पृष्ठभाग थोडा थोडा झिजून ताजा होत राहतो आणि संवेदनक्षमता वाढते. त्याबदल्यात फायबर हळूहळू बारीक होतो. रात्रभर वेव्हफॉर्म चालू ठेवून घरी जाऊ नका.

नॉइजसाठी क्रम असा ठेवा. आधी सगळ्या उपकरणांचं अर्थिंग एकाच बिंदूला आणा. मग फॅरेडे केजच्या (बाहेरचा विद्युत नॉइज अडवणाऱ्या धातूच्या पिंजऱ्याच्या) आतला दिवा, हीटर, पंप एकेक करून बंद करा आणि कोणता गेल्यावर रेषा शांत होते ते बघा. सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन मेन्सच्या लहरीशी बांधण्याची सोय असेल तर ती वापरा. प्रत्येक स्कॅन लहरीच्या एकाच जागी पडला की तो गुणगुणाट वजाबाकीत बराचसा निघून जातो. फिल्टर सगळ्यात शेवटी. आधीच फिल्टर लावणारा माणूस खरं कारण झाकून ठेवतो.

इशारा: बॅकग्राउंडचं टोक वर सपाट कापल्यासारखं दिसलं तर ॲम्प्लिफायरची मर्यादा संपली आहे. गेन कमी करा. तशा अवस्थेत घेतलेली नोंद वाचवता येत नाही.

## टप्पा ४: इलेक्ट्रोड मुरवणे

नवा इलेक्ट्रोड बफरमध्ये सोडला की बॅकग्राउंड सरकत राहतो. त्याला स्थिर होऊ द्यायचं. हाच वेव्हफॉर्म सेकंदाला ६० वेळा, १० ते १५ मिनिटं चालवा. मग १० वेळांवर आणून आणखी १० मिनिटं थांबा.

तपासा: पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेले दोन बॅकग्राउंड एकावर एक ठेवा. रेषा जवळपास झाकल्या गेल्या तर पुढे जा. नाही गेल्या तर आणखी १० मिनिटं द्या. तरीही सरकत असतील तर इलेक्ट्रोड बदला.

आकारही वाचता यायला हवा. वर आणि खाली बऱ्यापैकी आडव्या बाजू असलेला बॅकग्राउंड चांगला. अख्खी आकृती तिरकी, व्होल्टेजसोबत सरळ चढत गेलेली दिसली तर काच आणि फायबरच्या फटीतून करंट गळतोय: टप्पा १ मध्ये मायक्रोस्कोपखाली न दिसलेली फट इथे दिसते. करंट अगदी कमी असेल तर फायबर तुटलाय किंवा आत बुडबुडा आहे.

## टप्पा ५: कॅलिब्रेशन

घाई कराल तर इथेच पाय घसरेल, म्हणून थोडं सावकाश.

द्रावणं. डोपामिनचा १० मिलिमोलरचा स्टॉक ०.१ नॉर्मल परक्लोरिक आम्लात करा. आम्लात ते टिकतं. पीएच ७.४ च्या बफरमध्ये ते तासाभरात खराब व्हायला लागतं, म्हणून पातळ द्रावणं त्याच दिवशी, वापरायच्या जरा आधी. बाटलीला गुलाबी किंवा तपकिरी झाक आली तर ते डोपामिन राहिलेलं नाही, बेसिनमध्ये ओता.

आता आम्लाचा हिशेब. १० मिलिमोलरच्या स्टॉकपासून १ मायक्रोमोलर करताना दहा हजार पट पातळ होतं आणि आम्ल १० मायक्रोमोलर उरतं. बफर ते सहज पचवतो. पण सोय म्हणून कुणी १०० मायक्रोमोलरचा स्टॉक त्याच आम्लात केला, तर शंभर पटच पातळ होतं आणि बफरमध्ये १ मिलिमोलर आम्ल जातं. पीएच हलतो, आणि पीएच हलला की फास्ट-स्कॅनवर ठसठशीत सिग्नल येतो. आमच्याकडे एकदा दोन आठवड्यांची कॅलिब्रेशन्स अशीच वाया गेली. प्रत्येक आलेख सुरेख सरळ रेषेत होता, कारण आम्लही प्रमाणातच वाढत होतं!

क्रम.

१. फ्लो सेलमध्ये (इलेक्ट्रोडवरून द्रावण वाहतं ठेवणाऱ्या छोट्या कप्प्यात) बफर मिनिटाला १–२ मिलिलिटर वेगाने सतत वाहू द्या. इलेक्ट्रोड प्रवाहाच्या मध्यावर ठेवा, भिंतीला टेकवू नका.

२. सगळ्यात आधी कोरा बफर इंजेक्ट करा, ज्या बाटलीतला बफर वाहतोय त्याच बाटलीतला. काहीही दिसता कामा नये. काही दिसलं तर दोष व्हॉल्व्हमध्ये, दाबात किंवा पीएचमध्ये आहे. तो मिटेपर्यंत डोपामिनला हात लावू नका. टाळला जाणारा पहिला टप्पा हाच.

३. मग डोपामिन, कमीकडून जास्तीकडे: ०.२५, ०.५, १, २ मायक्रोमोलर. प्रत्येक तीनदा, पाच-पाच सेकंदांसाठी. दोन इंजेक्शनांमध्ये सिग्नल पूर्ण खाली येऊ द्या. चिकटलेलं डोपामिन सुटायला वेळ लागतो.

४. मग अडथळे: ॲस्कॉर्बिक आम्ल २०० मायक्रोमोलर, डोपॅक (डोपामिनच्या विघटनातून बनणारा पदार्थ) २० मायक्रोमोलर, आणि पीएच ०.१ ने वर-खाली केलेला बफर. त्यांचे व्होल्टॅमोग्राम (एका स्कॅनमधल्या व्होल्टेज-करंटचे आलेख) जपून ठेवा. टप्पा ७ मध्ये ओळख पटवायला हेच लागतील.

५. ऑक्सिडेशनच्या टोकाचा करंट आणि सांद्रता यांचा आलेख काढा. चढ म्हणजे या इलेक्ट्रोडची संवेदनक्षमता, नॅनोअँपिअर प्रति मायक्रोमोलर. दुसऱ्या इलेक्ट्रोडचा आकडा उसना घेऊ नका.

बफर कोणता? प्रयोगात जे कृत्रिम मस्तिष्कद्रव वाहणार, शक्यतो तेच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फायबरच्या पृष्ठभागावर बसतात आणि डोपामिनचं चिकटणं बदलतात. मात्र तो द्रव बायकार्बोनेटवर चालतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे थांबले की पीएच चढत जातो. एका बाटलीत बुडबुडे चालू आणि दुसरीत बंद असले तर कोऱ्या इंजेक्शनलाच सिग्नल येईल.

प्रयोगाआधी कॅलिब्रेट करायचं की नंतर, यावर मतं वेगळी आहेत. ऊतीतली प्रथिनं फायबरवर बसून संवेदनक्षमता कमी होते, म्हणून आकड्यांसाठी मी नंतरचं कॅलिब्रेशन धरतो. आधीचं घेतो ते इलेक्ट्रोड नापास करण्यासाठी. नंतरचं घ्यायचं तर इलेक्ट्रोड सांभाळून बाहेर काढावा लागतो. टोक मोडलं तर तो दिवस आकड्यांशिवाय जातो.

इशारा: प्रयोगात औषध वापरणार असाल तर ते आधी फ्लो सेलमध्ये, नुसत्या बफरसोबत सोडून पाहा. काही औषधं स्वतःच ऑक्सिडाइज होतात. काही फायबरवर बसून डोपामिनचा सिग्नल खातात, आणि मग ‘औषधाने स्राव कमी झाला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

## टप्पा ६: स्लाइसमध्ये

१. ३००–४०० मायक्रॉन जाडीची स्लाइस ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाच्या बुडबुड्यांत तासभर सावरू द्या. मग ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास, सतत वाहत्या द्रवात ठेवा.

२. स्ट्रायटममध्ये (डोपामिनचे तंतू भरपूर असलेल्या मेंदूच्या खोल भागात) उत्तेजनाचा इलेक्ट्रोड पृष्ठभागावर टेकवा. कार्बन फायबर त्याच्यापासून १००–२०० मायक्रॉनवर, ७५–१०० मायक्रॉन खोल न्या. वरचा थर कापताना मेलेला असतो.

३. आता थांबा. ऊतीत गेल्यावर बॅकग्राउंड पुन्हा सरकतो, पंधरा-वीस मिनिटं द्या.

४. विजेचा एकच पल्स द्या, स्कॅनच्या मधल्या थांब्यात. पल्स स्कॅनवर पडला तर तो करंट तुमच्या नोंदीत मिसळतो.

५. पुढचा पल्स पाच मिनिटांनी. अधीरपणे दर मिनिटाला उत्तेजन दिलं तर उंची घसरत जाते आणि ती घसरण औषधाच्या नावावर खपते.

तपासा: औषध सोडण्याआधी लागोपाठ चार-पाच नोंदी एकमेकींच्या १० टक्क्यांच्या आत आल्या पाहिजेत. एकदा हे जमलं की इलेक्ट्रोडला धक्का लावू नका. सिग्नल वाढावा म्हणून मध्येच जागा बदलली तर आधीच्या नोंदींशी तुलना संपली.

## टप्पा ७: डाग कुणाचा?

रंगपटावर आडवा अक्ष वेळेचा, उभा व्होल्टेजचा. डोपामिन असेल तर जाताना ०.६ च्या आसपास हिरवा डाग आणि परतताना उणे ०.२ च्या आसपास निळा. दोन्ही हवेत. नुसता हिरवा डाग पुरेसा नाही.

आता डागातून उभी चीर घ्या, म्हणजे त्या क्षणाचा व्होल्टॅमोग्राम मिळेल. तो टप्पा ५ मधल्या, त्याच इलेक्ट्रोडच्या डोपामिनवर ठेवून बघा. पीएचच्या बदलाला एकाहून जास्त उंचवटे असतात आणि त्यांच्या जागा वेगळ्या असतात. डोपामिन खाली येत असताना पीएच अनेकदा सावकाश बदलत असतो. डाग ‘लांबलाय’ असं वाटलं तर आधी त्याचा शेवटचा भाग वेगळा कापून बघा. मुख्य घटकांच्या रिग्रेशनने (मिसळलेले सिग्नल वेगळे करणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) मिश्रण सोडवणार असाल तर प्रशिक्षणाच्या नोंदी तुमच्याच इलेक्ट्रोडच्या हव्यात. मॉडेलमध्ये न बसलेला उरलेला भाग बघितल्याशिवाय आकडा घेऊ नका.

एवढं जुळलं तरी नॉरॲड्रेनलिन उरतंच. त्याचा व्होल्टॅमोग्राम डोपामिनसारखाच असतो आणि इलेक्ट्रोडला फरक कळत नाही. तिथे साक्ष बाहेरून आणावी लागते. स्ट्रायटममध्ये डोपामिनचे तंतू भरपूर आणि नॉरॲड्रेनलिनचे विरळ, म्हणून तिथे निभावतं; दुसऱ्या भागात गेलात तर ते गृहीत धरता येत नाही. औषधांचीही साक्ष घ्या. टेट्रोडोटॉक्सिनने (चेतापेशींचे विद्युत संदेश थांबवणाऱ्या विषाने) किंवा कॅल्शियम काढून घेतल्यावर सिग्नल नाहीसा व्हावा. डोपामिन परत शोषून घेणाऱ्या वाहकाला नोमिफेन्सिनने अडवलं की उतार लांबावा, पण नोमिफेन्सिन नॉरॲड्रेनलिनचा वाहकही अडवतं. म्हणून शंका असेल तिथे फक्त डोपामिनच्या वाहकावर नेमकं काम करणारं औषध घ्या.

आणि दीड मिनिटापेक्षा लांब नोंदीतून एकाच बॅकग्राउंडच्या आधारे निष्कर्ष काढू नका. तेवढ्या वेळात बॅकग्राउंड स्वतःच सरकतो आणि तो सरकलेला भाग छान फुगवट्यासारखा दिसतो.

## ग्लुटामेट असेल तर

इथे मोजलं जातं ते ग्लुटामेट नव्हे, हायड्रोजन पेरॉक्साइड. प्लॅटिनमवर ग्लुटामेट ऑक्सिडेज एन्झाइमचा थर असतो, तो ग्लुटामेटपासून पेरॉक्साइड बनवतो आणि अधिक ०.७ व्होल्टच्या स्थिर व्होल्टेजवर ते ऑक्सिडाइज होतं. त्याच व्होल्टेजवर ॲस्कॉर्बिक आम्ल आणि डोपामिनही होतात, म्हणून त्यांना अडवणारा मेटा-फेनिलीनडायमिनचा थर चढवतात.

कॅलिब्रेशनचा क्रम इथे बदलतो. आधी ॲस्कॉर्बिक आम्ल २५० मायक्रोमोलर: करंट जवळपास हलता कामा नये, हलला तर अडवणारा थर पुन्हा चढवा. मग ग्लुटामेट, २० मायक्रोमोलरच्या तीन सारख्या पायऱ्यांत. मग डोपामिन. शेवटी पेरॉक्साइड, आणि ते शेजारच्या बिनएन्झाइमच्या साइटवरही (त्याच सेन्सरवरच्या दुसऱ्या मोजणाऱ्या जागेवरही). त्या कोऱ्या साइटवर एन्झाइम सोडून बाकी सगळं, म्हणजे अल्ब्युमिन आणि ग्लुटारअल्डिहाइड, तितकंच असावं. पेरॉक्साइडला दोन्ही साइट सारखा प्रतिसाद देत असतील तरच मेंदूत एकीतून दुसरी वजा करता येते. एक साइट दुसरीच्या निम्मी असेल तर तो सेन्सर प्रयोगाला घेऊ नका.